झोपेची थकबाकी



आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे एक सूत्र आहे. त्यावर बोलताना आपण हिमोग्लोबिन तपासायला सांगतो, पाणी गाळून-उकळून प्यायला सांगतो, परसबागेत शेवगा लावायला सांगतो. झोपेचं नाव मात्र बैठकीत निघत नाही. निघालंच तर हसण्यावारी. "बसल्या बसल्या डुलकी लागली हिला, लावा गं दंड!"

मीही हसणाऱ्यांतलीच होते. पण दिवाळीनंतर एका गटात जे घडलं ते पाहिलं आणि ठरवलं, या अंकात पाठ झोपेचाच घ्यायचा. त्या गटाला विचारून, नावगाव न सांगता ही हकीकत लिहिते आहे.

नऊशे रुपयांची गोष्ट

त्या गटाच्या रोजकीर्दीप्रमाणे पेटीत जेवढे पैसे हवे होते, त्यापेक्षा नऊशे रुपये कमी भरले. पुस्तकं लिहिणारी ताई सात वर्षांपासून गटाचं काम करते. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण नळावर, पिठाच्या गिरणीवर कुजबुज सुरू झाली. दोन जणींनी बचत द्यायची थांबवली. तीन आठवड्यांनी मला फोन आला, "मॅडम, तुम्ही या, नाहीतर गट फुटतोय."

मी गेले. सगळ्यांची पासबुकं मागवली आणि एकेक नोंद रोजकीर्दीशी ताडून पाहिली. दहा मिनिटांत चूक सापडली. एका ताईने शंभर रुपये हप्ता भरला होता. पासबुकात शंभरच होते, रोजकीर्दीत मात्र एक शून्य जास्त पडून हजार झाले होते. पैसे कुठे गेलेच नव्हते.

मी विचारलं, "ताई, रोजकीर्द कधी लिहिलीत?"

"रात्री. साडेदहा वाजले असतील. भांडीकुंडी, झाकपाक झाल्यावर."

"आणि त्या दिवशी उठला होतात किती वाजता?"

"चारला. आमच्या आळीला पाणी चारलाच सुटतं."

चार ते साडेदहा. म्हणजे साडेअठरा तास जागं राहून त्या ताई गटाचा हिशोब लिहीत होत्या. एवढं बोलून त्या रडायलाच लागल्या. "मॅडम, एका शून्यापायी मला चोर ठरवली. तीन आठवडे डोळ्याला डोळा नाही."

नियम काय आहे? पुस्तकं बैठकीतच, सगळ्यांसमोर लिहायची. मग ती रात्री घरी का लिहिली गेली? कारण बैठकीत पैसे जमा झाले की प्रत्येकीला घरी पळायची घाई असते. स्वयंपाक, जनावरं, धार. पासबुकांवर तेवढ्यापुरतं लिहायचं आणि रोजकीर्द "तू घरी सावकाश लिही" म्हणून एकीच्या अंगावर टाकायची. त्यात त्याच रात्री पावणेदहाला मीच त्यांना मेसेज टाकला होता, 'सकाळपर्यंत कर्जाची माहिती पाठवा.' तो मेसेज त्यांच्या मोबाईलवर पाहिला तेव्हा मला काय वाटलं, ते लिहीत नाही.

झोपेत शरीर रिकामं बसत नाही

झोप म्हणजे आळस असं आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं. खरं म्हणजे झोपेत शरीराची बरीच कामं चालू असतात. दिवसभर शिकलेलं, ऐकलेलं मेंदू जागच्या जागी लावतो. अंगाची झीज भरून निघते. मुलांच्या वाढीचं संप्रेरक, म्हणजे शरीरातलं निरोप पोचवणारं रसायन, गाढ झोपेत जास्त सुटतं.

कोंबडा घड्याळ न बघता पहाटे आरवतो, कारण त्याच्या शरीरात घड्याळ असतं. तसंच आपल्याही शरीरात आहे. ते आतून कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं. अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडतो आणि शरीराला कळतं, आता रात्र झाली.

किती झोप लागते? मोठ्या माणसाला रोज किमान सात तास. १३ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना आठ ते दहा तास. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास. आणि ही झोप शक्यतो सलग हवी. झोपेचा एक फेरा साधारण दीड तासाचा असतो, त्यात हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नाची झोप अशा पायऱ्या असतात. बाळ रडलं, सासूबाईंनी हाक मारली, मोटर चालू करायला उठलं, की फेरा मोडतो. तास भरतात, पण अंग मोडलेलंच राहतं.

आता हिशोब करू. गरज सात तासांची आणि मिळते पाच तास, तर रोज दोन तासांची थकबाकी. आठवड्याला चौदा तास, म्हणजे दोन अख्ख्या रात्री. वर्षाला ७३० तास, म्हणजे १०४ रात्री! एखाद्या गटाची एवढी थकबाकी असती तर आपण किती बैठका घेतल्या असत्या?

मग झोप गेली कुठे?

आपल्या आज्या चारला उठायच्या, जात्यावर दळायच्या. पण दिवेलागणीनंतर जेवणं उरकली की रॉकेलच्या चिमणीत करण्यासारखं फार नसायचं. आठ-साडेआठला गाव निजायचं. त्यांचं आयुष्य सोपं होतं असं मी म्हणत नाही, अजिबात नव्हतं. पण लवकर उठणारी बाई लवकर निजतही होती.

आज आपली उठायची वेळ आजीची आहे आणि झोपायची वेळ शहराची. गिरणी आली, गॅस आला, काही घरी नळ आला. त्यातून जो वेळ वाचला तो झोपेला मिळाला नाही. तो मजुरीत, शिलाई मशीनवर, शेळ्यांमध्ये, पापड-शेवयांत आणि हो, आपल्या गटाच्या कामातही गेला. ही कामं चांगलीच आहेत, त्यातून चार पैसे हाती येतात. पण आधीचं काम कमी न करता त्यावर नवीन काम चढलं, आणि जागा करायला झोपच कापली गेली.

बाकीची कारणं तुमच्या-माझ्या घरातलीच आहेत.

*उजेड आणि मोबाईल.* मालिका साडेदहापर्यंत चालतात. त्यानंतर अंथरुणात मोबाईल. "दोन मिनिटं बघते" म्हणायचं आणि एकामागून एक व्हिडिओ सुरूच. डोळ्यांजवळच्या त्या उजेडाने मेंदूला वाटतं अजून दिवसच आहे, आणि मेलाटोनिन उशिरा सुटतं. एका ताईने मला चांगलंच सुनावलं होतं, "दिवसभरात तेवढाच अर्धा तास माझा असतो, तोही काढून घेता का?" तिचं म्हणणं खोटं नाही. दिवसा स्वतःचा वेळ मिळाला नाही की बाई तो रात्रीतून काढते.

*रात्रीची वीज आणि पाणी.* शेतीपंपाला थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री येते. रात्रपाळी असली की घरातला माणूस दारं धरायला शेतात. तो येईपर्यंत बाईचा डोळा लागत नाही, कारण साप-विंचवाची, बिबट्याची भीती. कधी बॅटरी धरायला तिलाच जावं लागतं. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. पण जिथे अजून रात्रपाळीच आहे तिथे अख्खं घर जागतं.

*मजुरीच्या वेळा.* आपल्या ऊसतोडीच्या ताईंना तर हा पाठ वाचायलाही वेळ नसेल. पहाटे फडात, दिवसभर मोळ्या बांधणं, रात्री गाडी आली की पुन्हा भरणीला. कोप्यावर परतून चूल पेटवायची ती तिनेच. एका कोयत्यात दोघं मोजतात, पण त्यातली बाई कमी झोपते.

*चहा आणि मिश्री.* चहातलं कॅफिन झोप लांबवतं. त्याचा निम्मा भाग उतरायलाच पाच-सहा तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा अंमल रात्री अकरालाही असतो. मिश्रीतली तंबाखूही मेंदूला जागं ठेवते. रात्री मिश्री लावल्याशिवाय झोप येत नाही असं वाटतं, ती असते सवयीची तलफ.

*आवाज आणि काळजी.* लग्नसराईतला डीजे, आणि त्याहून मोठा आवाज डोक्यातल्या विचारांचा. हप्ता कसा भरायचा, पोरीची फी, नवऱ्याचं पिणं. अंग अंथरुणावर आणि डोकं हिशोबात.

थकबाकी वाढली की काय होतं

पहिल्यांदा जाते ती सावधता. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लोकांना जागं ठेवून त्यांच्या चाचण्या घेतल्या. सलग १७ तास जागं राहिल्यावर त्यांचं काम, थोडी दारू प्यालेल्या माणसाचं व्हावं इतकं बिघडलं. पहाटे चारला उठलेल्या बाईचे १७ तास रात्री नऊला भरतात. म्हणजे आपल्या त्या ताई साडेदहाला रोजकीर्द लिहीत होत्या तेव्हा त्यांचा हात चुकला यात नवल काय? हिशोबातली चूक पुसता येते, पण कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेलेला हात, चुलीजवळ पेटलेला पदर, मोटारसायकलवर लागलेली डुलकी, यांचं काय?

दुसरं, चिडचिड. मुलावर उगाच हात उगारला जातो, मग रात्री आपल्यालाच वाईट वाटतं. प्रत्येक वेळी स्वभावाला दोष देऊ नका. आदल्या रात्री किती झोपलो होतो तेही आठवून बघा.

तिसरं, भूक. झोप कमी झाली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं. मग गोड, तळलेलं खावंसं वाटतं आणि चहाचे कप वाढतात.

चौथं, दुखणी. वर्षानुवर्षं कमी झोप झाली तर रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांचा धोका वाढतो. सर्दी-खोकल्याशी लढायची ताकद कमी होते. मन उदास राहतं. कमी झोपणाऱ्या प्रत्येकीला हे होईलच असं नाही, पण धोका वाढतो एवढं नक्की.

आणि मुलांचं सांगायचं तर, परीक्षेच्या आदल्या रात्री एकपर्यंत जागवलेलं पोर जे वाचतं ते मेंदूत नीट बसत नाही. बसवायचं काम झोपेतच होतं.

"मग रविवारी झोपून घेते," असं काही जणी म्हणतात. त्याने थोडा आराम नक्की मिळतो. पण आठवडाभराची थकबाकी एका दिवसात फिटत नाही. हप्ता रोजचा आहे.

घरात काय बदलता येईल

मी तुम्हाला "लवकर झोपा" असं नुसतं सांगून मोकळी होऊ शकते. पण काम तेवढंच राहिलं तर लवकर झोपणार कशा? २०१९ साली केंद्र सरकारने देशभर लोकांचा दिवस कसा जातो याचं सर्वेक्षण केलं. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ९७ मिनिटं. आणि बहुतेक पुरुष त्या दिवशी घरकामाला हातच लावत नव्हते. झोपेची थकबाकी इथे तयार होते. म्हणून उपायही इथूनच सुरू करायचा.

१. एक काम वाटून द्या. सगळी नाही, एकच. पाणी भरणं, सकाळचा चहा, रात्रीची भांडी, यातलं एक काम मुलाकडे किंवा घरधन्याकडे. मुलीवर टाकू नका, नाहीतर थकबाकी फक्त तिच्या नावावर जाईल.

२. भांडण करून नाही, कागद दाखवून बोला. आठवडाभर झोपायची-उठायची वेळ लिहा आणि जेवायला सगळे बसले की वाचून दाखवा. आकडा ऐकून माणूस विचार करतो.

३. रात्रीची कामं दोन भागांत करा. आज केलंच पाहिजे असं कोणतं आणि उद्या चालेल असं कोणतं? घडी घालायचे कपडे उद्या चालतात.

४. झोपायच्या आधी निदान अर्धा तास मोबाईल लांब ठेवा. उशाशी नको, खिडकीत ठेवा. स्वतःसाठीचा वेळ सोडू नका, तो संध्याकाळी घ्या. पंधरा मिनिटं ओट्यावर बसा, कोणी काही म्हणालं तर म्हणू द्या.

५. दुपारी चारनंतर चहा टाळून बघा. रोजची झोपायची-उठायची वेळ शक्यतो एकच ठेवा.

६. दुपारी वीस-तीस मिनिटांची डुलकी चालते. त्याहून लांबली किंवा संध्याकाळी घेतली तर रात्रीची झोप बिघडते.

त्या ताईंच्या घरी काय झालं ते सांगते. त्यांनी आठ दिवसांचा कागद लिहिला आणि वाचून दाखवला. सासूबाई आधी म्हणाल्या, "आम्ही नाही का केलं?" मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "पण आम्ही निजायचोही लवकर." आता अकरावीतला मुलगा दिवसाआड चारला उठून पाणी भरतो आणि त्या रात्री तो लवकर झोपतो. सगळं बदललेलं नाही. पण आठवड्यातले तीन-चार दिवस त्या साडेपाचपर्यंत झोपतात.

गटाने आणि गावाने काय करायचं

त्या गटाने दोन ठराव केले. पहिला, रोजकीर्द बैठकीतच पूर्ण होईल आणि वाचून दाखवल्याशिवाय कोणी उठणार नाही. दुसरा, रात्री बैठक घ्यायची नाही. बैठक वीस मिनिटांनी लांबली, पण रात्रीचं लिखाण संपलं. ज्या दोघींनी बचत थांबवली होती त्यांनी त्या ताईंची माफी मागितली. मीही मागितली. रात्री आठनंतर कामाचा मेसेज करायचा नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. चुकून केला तर पुढच्या बैठकीत मला दंड लावा.

काही गोष्टी घरात सुटत नाहीत, त्या ग्रामसभेत मांडाव्या लागतात. पाणी सोडायची वेळ पहाटे चार ऐवजी सहा का होऊ शकत नाही? पाळी पाडता येईल का? दिवसा वीज मिळावी म्हणून ग्रामसभेचा ठराव घेता येईल का? आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक वाजवायला कायद्याने मनाई आहे, सणासुदीला सरकार ठरवून देतं ते मोजके दिवस सोडले तर. त्रास होत असेल तर ११२ वर फोन करता येतो. एकटीने बोलायला भीती वाटते, ग्रामसंघाच्या नावाने अर्ज द्या.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

वेळ मिळूनही झोप लागत नसेल, तर तो कामाचा प्रश्न नाही, तपासायचा प्रश्न आहे.

- रात्री पायांत मुंग्या-वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही: रक्तात लोह कमी असू शकतं. उपकेंद्रात तपासून घ्या.
- मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकल्यासारखं होऊन दचकून जाग येणं: घरात कोणालाही असलं तरी दाखवा.
- पाळी जायच्या वयात रात्री अंगातून वाफा, घाम: लाजू नका, आशाताईंशी बोला.
- दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटणं, झोप उडणं, जगणं नकोसं वाटणं, विशेषतः बाळंतपणानंतर: टेलिमानसचा क्रमांक १४४१६, दिवसरात्र आणि मोफत. मराठीतही बोलता येतं.

मेडिकलमधून मनाने झोपेच्या गोळ्या आणू नका. आणि झोप यावी म्हणून दारू, हा उपाय नाही. दारूने गुंगी येते, पण मध्यरात्रीनंतर झोप तुटते.

गटात करून पाहा

पुढच्या बैठकीआधी सात दिवस प्रत्येकीने रोज तीनच गोष्टी लिहायच्या: झोपले कधी, उठले कधी, मध्ये किती वेळा उठावं लागलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तासाला एक याप्रमाणे भिंतीवर रेघा माराव्यात. बैठकीत थकबाकी काढा आणि या प्रश्नांवर बोला:

१. सगळ्यात जास्त थकबाकी कोणाची? तिच्या घरातलं कोणतं एक काम दुसऱ्याकडे जाऊ शकतं?

२. आपल्या गटाच्या कामामुळे कोणाची झोप जाते का? पुस्तकं कधी लिहिली जातात?

३. आपल्या घरात सगळ्यात शेवटी कोण झोपतं आणि सगळ्यात आधी कोण उठतं? दोन्ही एकच व्यक्ती आहे का?

४. गावाच्या पातळीवर बदलता येईल अशी एक वेळ कोणती?

तुमच्या गटात काय निघालं ते मला कळवा, पुढच्या अंकात देऊ. आणि बैठकीत कोणाला डुलकी लागली, तर दंडाची वही काढायच्या आधी तिला एवढंच विचारा, "ताई, काल किती वाजता झोपलात?"

तुमची,
क्षेत्र समन्वयक